पार्किन्सन्सच्या औषधचाचणीत सहभागी होण्यापूर्वी

सांगली-मिरजेत उपचार घेणाऱ्या रुग्णाला नव्या औषधाच्या चाचणीविषयी विचारणा झाल्यास कुटुंबीयांनी प्रथम सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक पडताळावा. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे.

त्यानंतर तुलना कशाशी होणार, हे विचारावे. या आजारात औषधाचा अंश नसलेल्या गोळीनेही हालचाल सुधारू शकते, कारण बरे वाटण्याच्या अपेक्षेनेच मेंदूत डोपामिन हे या आजारात कमी पडणारे, हालचालींना लागणारे रसायन स्रवते. म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कोणती हे ठाऊक नसलेली, यादृच्छिकपणे गट पाडलेली चाचणीच विश्वासार्ह मानावी. कंप आणि ताठरता यांचे गुणांकन लेव्होडोपा या आजारावरील नेहमीच्या औषधाचा अंमल असताना होणार की तो उतरल्यावर, हेही स्पष्ट करून घ्यावे, अन्यथा आकडे फसवे ठरतात. लक्षणे कमी होणे म्हणजे आजाराची वाढ मंदावणे नव्हे. जाहिरातींत हा फरक हमखास पुसला जातो.

संमतिपत्र मराठीतच मागावे. सहभागातून कधीही बाहेर पडता येते. मात्र चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबवू नयेत, कारण त्यातून तीव्र ताठरता आणि ताप उद्भवू शकतो.