ब्रिटनमध्ये फार्मसी ट्रेनिंग: व्हिसा देणारं दुकान कसं हुडकायचं

सांगलीहून धाकट्या मावसभावाचा फोन येतो, "दादा, कुठे अर्ज करू?" त्याला सांगतो तेच इथे.

क्रम असा: बी.फार्म., भारतात फार्मासिस्ट म्हणून नोंदणी, मग जीपीएचसीची (तिथली फार्मसी नियामक संस्था) पात्रता, वर्षभराचा ओस्पॅप म्हणजे परदेशी फार्मासिस्टांसाठीचा विद्यापीठातला कोर्स (ब्रायटन, सन्डरलंड वगैरे), मग ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, म्हणजे फार्मसीत प्रत्यक्ष काम करत शिकणं. नुसत्या डी.फार्म.वर हा रस्ता उघडत नाही. ओस्पॅप स्टुडंट व्हिसावर होतो. खरी शोधाशोध ट्रेनिंगच्या जागेची.

होम ऑफिसची (ब्रिटनचं गृहखातं) परवानाधारक स्पॉन्सरची, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर कामाला ठेवू शकणाऱ्या मालकांची, यादी फुकट डाउनलोड करता येते. पण दुकानाच्या पाटीवरचं नाव तिथे बहुधा सापडत नाही, कारण मालक कंपनी वेगळ्याच नावाची असते. म्हणून आधी जीपीएचसीच्या फार्मसी नोंदवहीत दुकान शोधा, मालकाचं नाव टिपा आणि ते यादीत शोधा. अर्धा दिवस जातो, डोळे दुखतात, पण शंभर वाया जाणारे ईमेल पाठवणं वाचतं.

परवाना आहे म्हणजे तुम्हाला स्पॉन्सर करतीलच असं नाही, हो! पहिल्याच ईमेलमध्ये नोकरीच्या व्हिसाचं सरळ विचारा: "ट्रेनीसाठी स्किल्ड वर्कर व्हिसा देता का?"

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे (व्हिसासाठी मालकाने द्यायचा दाखला) पैसे कुणी तुमच्याकडे मागितले, तर फोन ठेवून द्या. ती फी मालकाची.