टोकियो-क्योटो झालं असेल तर पुढचे चार दिवस शिमानेला द्या

दुसऱ्यांदा जपानला निघालेलं कोणी विचारलं की गर्दी नसलेलं काहीतरी सांग, तर माझं उत्तर ठरलेलंय, शिमाने. पश्चिमेला, जपानच्या समुद्राच्या बाजूचं प्रीफेक्चर (म्हणजे प्रांत), लोकसंख्येत देशात खालून दुसरं. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन जात नाही म्हणून लोक जात नाहीत, एवढंच साधं कारण आहे. आणि एक विनंती, चार दिवसांत चार शहरं करू नका, मात्सुए या इथल्या मुख्य शहरात एकच हॉटेल घ्या आणि तिथूनच सगळीकडे जाऊन या.

जायचं कसं ते आधी. शिंकान्सेनने ओकायामापर्यंत (ज्याच्या कोराकुएन बागेवरून आपल्या सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान केलंय तेच ओकायामा), तिथून याकुमो नावाची एक्सप्रेस, अडीचेक तास, डोंगरातून सारखी वळणं, गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच बसा. दुसरा पर्याय म्हणजे टोकियोहून रात्री सुटणारी सनराइज इझुमो, ही झोपायची गाडी आता जपानमध्ये जवळपास दुर्मिळच झालीय. तिचं बुकिंग बरोब्बर एक महिना आधी जपानच्या सकाळी 10 ला उघडतं आणि भराभर संपतं. स्वस्तात हवी असेल तर नोबिनोबी सीट मागा, म्हणजे कार्पेटवर आडवं व्हायची जागा, आपल्या स्लीपरपेक्षा खूप स्वच्छ पण गादी वगैरे नाही.

पहिला दिवस पूर्ण मात्सुएचा. किल्ला काळा, लाकडी आणि खरा, म्हणजे नंतर सिमेंटमध्ये परत बांधलेला नाही, असे मूळ बुरूज देशभरात फक्त 12 उरलेत. 1875 ला बाकीच्या इमारती लिलावात पाडायला गेल्या, हा मुख्य बुरूजही 180 येनला विकला गेला होता, पण गावातल्याच लोकांनी पैसे उभे करून तो सोडवला. आत गेलात की आधी तळघरात थांबा, सगळे घाईघाईने वर पळतात. तिथल्या खांबांवर खिळ्यांची भोकं आहेत. 2012 मध्ये शेजारच्या देवळात 1611 सालच्या दोन प्रार्थना-फळ्या सापडल्या, आणि त्यांची भोकं या खांबांवरच्या भोकांशी जुळली, म्हणजे बांधकामाचं सालच पक्कं झालं, आणि त्या जोरावर 2015 ला किल्ल्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. मला अख्ख्या किल्ल्यात ही भोकंच सगळ्यात आवडली! बूट काढावे लागतात, जिने खूप उभे आहेत, त्यामुळे घसरणारे मोजे नकोत.

किल्ल्याच्या खंदकाकाठी लाफ्कादिओ हर्नचं घर आहे, ग्रीसमध्ये जन्मलेला हा माणूस 1890 ला इथे इंग्रजी शिकवायला आला, इथल्याच सेत्सुशी लग्न केलं आणि पुढे कोइझुमी याकुमो झाला. मघाच्या गाडीचं नाव मात्र त्याच्यावरून नाही, याकुमो हा इझुमोवरच्या जुन्या कवितेतला शब्द, त्याने आणि गाडीने दोघांनीही तिथूनच घेतलेला. जपानी भुताखेतांच्या ज्या गोष्टी त्याने जगाला सांगितल्या त्यातल्या कितीतरी सेत्सुने त्याला सांगितल्यात. घरात एक विचित्र उंच टेबल दिसेल, त्याचा एक डोळा गेलेला आणि दुसराही अधू, म्हणून कागद नाकाजवळ यावा असं करून घेतलेलं. घर पाच मिनिटांत बघून होतं पण तसं करू नका, मधल्या खोलीत बसा, तीन बाजूंनी बाग दिसते.

संध्याकाळी चहा. मात्सुएचा सातवा सरदार मात्सुदायरा फुमाई चहाचा मोठा शौकीन होता, त्यामुळे इथे माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) म्हणजे समारंभ कमी आणि घरचा चहा जास्त. त्याच्या काळातल्या मेइमेइआन चहाघरी जा, सोबत वाकाकुसा येते, तांदळाच्या पिठाची मऊ वडी, वर हिरवी साखर. आधी ती संपवायची, मग चहा, आपल्यासारखं बुडवून खायचं नाही.

दुसऱ्या दिवशी इझुमो ताइशा हे मोठं देऊळ. मात्सुएच्या तळ्याकाठच्या स्टेशनवरून इचिबाता रेल्वेची छोटी गाडी घ्या आणि डाव्या बाजूला बसा, शिंजी तळं खूप वेळ सोबत राहतं. बाकी देवळात दोनदा टाळी वाजवतात, इथे चारदा. देव ओकुनिनुशी, पण खांद्यावर पोतडी घेतलेला तो दाइकोकु म्हणूनही ओळखला जातो, आणि दाइकोकु मुळात आपला महाकाल, बौद्ध धर्मासोबत तिकडे पोचलेला. महाकालाच्या हातात पोतडी बघून मला खूप हसू आलं होतं. मंदिर आज 24 मीटर उंच, पूर्वी दुप्पट होतं अशी दंतकथा होती आणि कोणी फार मनावर घेत नव्हतं, मग 2000 मध्ये आवारातच तीन-तीन खोडं एकत्र बांधलेले प्रचंड खांब निघाले. जमिनीत ती जागा तीन गोलांनी दाखवलीय, त्यावर उभं राहून वर बघा. खरे लाकूड शेजारच्या म्युझियममध्ये आहे, ते चुकवू नका. चंद्रपंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव इथे जमतात म्हणून बाकी जपानमध्ये तो देव नसलेला महिना. तेव्हा जायचं असेल तर हॉटेल खूप आधी बघा.

जेवणाचं म्हणाल तर इथला वारिगो सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) तीन गोल डब्यांत एकावर एक येतो, रस्सा वरच्या डब्यात ओतायचा आणि उरलेला खालच्यात. पण रस्सा माशाचा असतो, मासा दिसत नाही म्हणून शाकाहारी समजू नका. पक्के शाकाहारी असाल तर साधा भात सगळीकडे मिळतो, बॅगेत मेतकूट ठेवा, खरंच सांगतेय.

तिसरा दिवस इवामी गिंझान, चांदीची खाण. ओदाशी स्टेशनवरून बस, मग ओमोरी गावातून चालत किंवा भाड्याची इलेक्ट्रिक सायकल घेऊन र्‍यूगेंजी बोगद्यापर्यंत. 16व्या शतकात शिसं राखेत मुरवून चांदी वेगळी करायची पद्धत इथे आली आणि जपानची चांदी जगभर गेली. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मकाऊमार्गे यायची, चिनी रेशीम देऊन जपानी चांदी न्यायची. बोगद्यात छिन्नीचे घाव अजून दिसतात, खाणकामगार शंखात तेलवात लावून आत जायचे. उन्हाळ्यातही आत गार असतं, जॅकेट ठेवा.

चौथा दिवस पावसासाठी राखून ठेवा. डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका अशी या भागात म्हणच आहे, आणि कोकणातल्या माणसाला ती लगेच पटेल. पाऊस नसेल तर यासुगी गावातली आदाची म्युझियमची बाग, जिच्यात फिरता येत नाही, म्युझियममधूनच बघायची असते.

आणि हो, ओमोरीहून परतीच्या बसचं टाइमटेबल उतरल्या उतरल्या फोनमध्ये काढून ठेवा, मी नव्हतं काढलं, सव्वा तास बंद दुकानाच्या पायरीवर भिजत बसले होते, छत्री हॉटेलात.