दरखास्तीचं काम पहिल्यांदा हाती आल्यावर

लॉ पूर्ण करून पुण्यात शिवाजीनगर कोर्टात यायला लागलात की कधी ना कधी सिनिअर एखादी दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची (निकालानंतरच्या आदेशाची) अंमलबजावणी मागणारा अर्ज, तुमच्याकडे सोपवतात. बऱ्याच नव्या वकिलांना हे दुय्यम काम वाटतं. उलटतपास नाही, मोठा युक्तिवाद नाही, सगळी धावपळ नाझर (कोर्टाच्या वॉरंटांचं काम बघणारा अधिकारी) आणि बेलिफ (प्रत्यक्ष जप्ती करणारा कर्मचारी) यांच्यामागे. मला मात्र दिवाणी वकिली इथेच कळली. हुकूमनामा हातात असूनही पक्षकाराचा खिसा रिकामाच असतो. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हटलं होतं. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावं लागलं.

माझं ठाम मत आहे की जप्ती यशस्वी होणार की नाही हे वॉरंट निघण्याआधीच, मालमत्तेच्या यादीत ठरतं. ‘घरातील सर्व सामान’ असं मोघम लिहून दिलं तर बेलिफ दारातून परत येतो आणि ‘जप्तीयोग्य माल मिळाला नाही’ असा अहवाल लागतो. स्थावर असेल तर तपशील आणखी काटेकोर हवा. पेठेतल्या वाड्यासाठी सिटी सर्व्हे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड, वाघोलीकडच्या शेतजमिनीसाठी गट नंबर, सातबारा आणि चतुःसीमा. वाडा वडिलोपार्जित असेल तर त्यात ऋणकोचा, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याचा, हिस्सा किती, हेही लिहायचं.

यादी करताना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० शेजारी उघडं ठेवा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बियाणं जप्त होत नाही. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशेब वेगळा. आमच्या एका दरखास्तीत ऋणको शिंपी होता. पक्षकाराचा आग्रह होता की शिलाई मशीनच उचला, म्हणजे तो वठणीवर येईल. सिनिअरांनी यादीतून मशीन काढलं आणि त्याच्या बँक खात्याचा शोध घ्यायला लावला. मला तो निर्णय कायद्याने बरोबर वाटला आणि माणूस म्हणूनही पटला. मशीन गेलं असतं तर तो पैसे कुठून फेडणार होता?

प्रत्यक्ष जप्तीला गेलात तर पंचनाम्यात वस्तूंचं नेमकं वर्णन येतंय ना, एवढं बघा. बाकी बोलणं बेलिफवर सोडा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. स्थावर मात्र उचलून आणायचं नसतं. ते विकू नये, गहाण टाकू नये, असा मनाई हुकूम निघतो. तो जागेवर दवंडी पिटून जाहीर करतात, मिळकतीवर आणि कोर्टात चिकटवतात. नंतर ऋणकोने परस्पर विक्री केली तरी ती तुमच्या दाव्याच्या रकमेपुरती रद्दबातल ठरते.

पुढे हमखास कोणीतरी येतो आणि म्हणतो, हा माल माझा आहे. भाऊ, बायको, भाड्याने मशिनरी देणारा. त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली त्याचा हक्क कोर्ट तपासतं, आणि त्याचं म्हणणं खरंही असू शकतं. म्हणून बिलं, करारनामे आधीच मिळवून ठेवा.

पक्षकाराला ऋणकोच्या मालमत्तेची काहीच माहिती नसेल तर आदेश २१ मधला नियम ४१ विसरू नका. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस फेडला गेला नाही तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा हुकूम मागता येतो. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज मी पहिल्याच तारखेला देतो.