एकाकी की एकांतात? एकट्या माणसाचं चित्र वाचताना

चित्रात एकच माणूस दिसला की वहीत मी पहिला शब्द लिहायचे 'एकाकीपणा'. ती सवय मोडायला मला बरीच वर्षं लागली. मराठीत 'एकांत' हाही शब्द आहे, आणि चित्र या दोहोंतलं काय सांगतंय हे पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असं आता मी ठरवलंय.

चित्रापासून थोडं लांब उभं राहा. एक डोळा मिटा आणि अंगठ्याने तो माणूस झाकून टाका. काय बदललं?

जर्मन चित्रकार कास्पर डाव्हिड फ्रीडरिश यांच्या 'समुद्रकाठचा संन्यासी' (१८०८–१०) या चित्रावर हे करून बघा. चित्र जवळपास पावणेदोन मीटर रुंद; खाली वाळूची पट्टी, मग काळपट पाणी, बाकी सगळं आभाळ. संन्यासी झाकला की उभं असं काही उरतच नाही, सारं आडवं पसरलेलं. इन्फ्रारेड तपासणीत कळलं, की चित्रकाराने आधी समुद्रात जहाजं काढली होती आणि नंतर ती रंगाखाली बुजवली. जहाज राहिलं असतं तर हा माणूस कुणाची तरी वाट पाहतोय असं आपण म्हटलं असतं. म्हणून चित्रात काय असू शकलं असतं आणि नाही, हेही विचारायचं. मी या चित्रापुढे एकाकी लिहिलं नाही, एकांतही नाही. 'इवलेपण' लिहिलं.

प्रतीकांची यादी मात्र पाठ करू नका. काळा म्हणजे दुःख, खिडकी म्हणजे आशा, असल्या यादीने नजर आळशी होते. आधी वस्तूचं साधं कारण शोधा आणि त्यानंतरही काही खटकतंय का ते पाहा. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या 'ऑटोमॅट'मध्ये (१९२७) एक बाई कॉफीच्या कपाकडे बघत बसली आहे. जागाही अशी, की नाणं टाकून यंत्रातून खाणं घ्यायचं. वाढायला कुणी येत नाही. तिच्या हातात मोजा आहे, कारण बाहेर थंडी असणार. पण तो एकाच हातात आहे. दुसरा तिने काढलाय. कोट, टोपी अंगावरच. म्हणजे ती टेकली आहे, स्थिरावलेली नाही. मागच्या काळ्या काचेत दिव्यांच्या रांगा दूरवर गेल्यात, पण बाईचं प्रतिबिंब कुठेच नाही.

तिच्यासमोरची रिकामी खुर्ची आपल्या बाजूला आहे. इथे मी 'एकाकी' लिहिलं.