कॉल स्टॅक वाचणारा कोड ऑप्टिमायझरच्या तावडीतून कसा वाचवायचा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा हिशेब ठेवायला मी सी शार्पमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. ‘नोंद’ ही मेथड (प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा) कॉल स्टॅकमध्ये, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याच्या चालू उतरंडीत, एक पायरी वर चढून, आपल्याला कोणी बोलावलं त्याचं नाव लॉगमध्ये छापायची. ‘लिलाव’ बोलवायची ‘वजनघे’ला आणि ‘वजनघे’ बोलवायची ‘नोंद’ला. घरी सगळं चोख. जेटीवर मात्र तीसेक टोपल्या झाल्या की ‘वजनघे’च्या जागी ‘लिलाव’ छापून यायला लागलं. दिवाणजी म्हणाले, “काय हो, सुरमई न तोलताच विकलीत?”

टोपल्यांचा आकडाच खरा धागा निघाला. सी शार्पचे प्रोग्रॅम चालवते ती यंत्रणा म्हणजे डॉटनेट. डॉटनेट कोअर ३.० पासून (२०१९) मेथड आधी घाईघाईत, फारसं ऑप्टिमायझेशन (वेग वाढवायची काटछाट) न करता कंपाइल होते, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरते. ती ३० वेळा चालली की जिटर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच काम करणारा डॉटनेटचा कंपायलर, तिला मागच्या मागे नीट ऑप्टिमाइझ करतो. त्यात ‘वजनघे’सारखी चिमुकली मेथड ‘लिलाव’च्या पोटात विरघळते, म्हणजेच इनलाइन होते. तिची स्वतःची फ्रेमच (स्टॅकमधली पायरी) उरत नाही, मग एक पायरी वर ‘लिलाव’च सापडणार. जिटरची यात काही चूक नाही. उत्तर बरोबर आलं पाहिजे एवढंच त्याला बांधून दिलेलं आहे, स्टॅकचा आकार नाही.

पहिली पायरी: बिघाड हातात पकडा. रिलीज बिल्ड (ऑप्टिमायझेशन चालू असलेली, वापरायला द्यायची आवृत्ती) घ्या आणि डीबगर (चुका शोधायचं साधन) न जोडता चालवा, कारण व्हिज्युअल स्टुडिओचा डीबगर मूळ सेटिंगमध्ये ऑप्टिमायझेशन दाबून ठेवतो. मग ‘डॉटनेट टियर्ड कंपायलेशन’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करा, म्हणजे मेथड पहिल्याच वेळी पूर्ण ऑप्टिमाइझ होते. आता पहिल्याच टोपलीला खोटं नाव दिसेल.

दुसरी: स्टॅक खरंच बघायला हवा का, हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा नको. ‘नोंद’ला एक ऐच्छिक पॅरामीटर द्या आणि त्यावर ‘कॉलर मेंबर नेम’ हे अॅट्रिब्यूट (कंपायलरसाठीची खूणचिठ्ठी) लावा. सी शार्प ५ पासून (२०१२) ते आहे. बोलावणाऱ्याचं नाव कंपाइल होतानाच तिथे लिहिलं जातं, पुढे कितीही इनलाइन होवो. मी शेवटी हेच केलं. फक्त क्लासचं नाव यातून मिळत नाही.

तिसरी, स्टॅक टाळताच येत नसेल तर: ‘इनलाइन करू नको’ सांगणारं ‘नो इनलायनिंग’ हे अॅट्रिब्यूट दोन्हीकडे लावा, ‘नोंद’वर आणि ‘वजनघे’वरही. एकावरच लावून मी दोन दिवस घालवले आहेत.

दुसरा चोर म्हणजे टेल कॉल. मेथडचं शेवटचं काम दुसरीला बोलावणं असेल, तर ती आपली फ्रेम आधीच आवरून निघून जाऊ शकते. डॉटनेट इथे समजूतदार आहे: ‘नो इनलायनिंग’ लावलेल्या मेथडमधून तो आपणहून टेल कॉल करत नाही, कारण लोक हे अॅट्रिब्यूट ‘मला ही स्टॅकमध्ये दिसलीच पाहिजे’ या अर्थाने लावतात हे त्याला ठाऊक आहे.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये अशी मुरवत नाही. जीसीसी या त्यांच्या कंपायलरमध्ये ‘नोइनलाइन’ लावूनही टेल कॉल होऊ शकतो. तो थांबवायला ‘एफ-नो-ऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स’ हा फ्लॅग वेगळा द्यावा लागतो. फ्रेम पॉइंटर (एका फ्रेमवरून वरच्या फ्रेमचा पत्ता देणारा दुवा) धरून स्टॅक चढत असाल तर ‘एफ-नो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर’ही हवा. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालींनी आपल्या पॅकेजेससाठी तो मुळातच चालू केलाय.

शेवटी टेस्ट लिहा, तीही रिलीजमध्ये चालणारी. नुसता लूप पुरत नाही. त्या ३० फेऱ्या मोजायला लागण्याआधीच डॉटनेट साधारण १०० मिलिसेकंद थांबतं, आणि तेवढ्यात तुमची टेस्ट हिरवी (पास) होऊन मोकळी. माझी टेस्ट २०० खोट्या टोपल्या तोलते, अर्धा सेकंद झोपते, मग आणखी २०० तोलते आणि प्रत्येकीपुढे ‘वजनघे’च आहे ना ते बघते.