चिवट स्टेक असा मऊ झाला

आमच्याकडे गोव्यात पर्वरीला स्टेक वरून छान तपकिरी व्हायचा, पण चावता चावता जबडा दुखून यायचा. कुकरला शिट्ट्या वाढवल्या की दोरे सुटायचे आणि तोंडात कोरडं लागायचं.

आधी मांसाचा भाग बदलला. खाटकाला म्हटलं, "भाऊ, खांद्याचं द्या, पांढऱ्या शिरा असलेलं." त्या शिरांमधलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, साधारण 70 अंशांपुढे हळूहळू विरघळून जिलेटीन होतं आणि तोच खरा मऊपणा. नुसतं तांबडं मांस जास्त वेळ शिजवलं तर रस सोडून बसतं. म्हणून महागडा अंडरकट, म्हणजे शिरा नसलेला पाठीकडचा मऊ भाग, यासाठी मुळीच घेऊ नये.

अंगठ्याएवढे जाड काप फडक्याने कोरडे टिपायचे. ओल राहिली तर ते भाजले न जाता वाफेवरच शिजतात. जाड बुडाच्या टोपात दोन्ही बाजू गडद होईस्तोवर परतून बाजूला काढायचे. त्याच तेलात कांदा, आलं-लसूण, मिरी, दालचिनी. मग चमचाभर माडाचं व्हिनेगर घालून बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं; चव तिथेच असते! काप परत टोपात, पाणी त्यांच्या निम्म्यापर्यंतच, वर घट्ट झाकण.

आता आच. रश्शात एखाददुसरा बुडबुडा यावा, खळखळ अजिबात नको. अडीच-तीन तास लागतात. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा: काटा खुपसून फिरवला की मांस सहज सुटलं पाहिजे. अडलं तर अजून अर्धा तास.

त्याच रश्शात निवू द्या. दुसऱ्या दिवशी तर फारच सुरेख लागतं, सोबत गरम पोळे, म्हणजे आमच्याकडचे डोसे, असले की झालं.