न्यूरोलॉजीतील वाटचाल कशी आखावी

एमबीबीएसनंतर जनरल मेडिसिन किंवा बालरोग या विषयात 3 वर्षांचे एमडी आणि त्यानंतर नीट-एसएस किंवा आयएनआय-एसएस या प्रवेशपरीक्षांमधून न्यूरोलॉजीतील (मज्जासंस्थेच्या आजारांतील) 3 वर्षांचे डीएम ही अतिविशेष पदवी, हा नेहमीचा रस्ता बहुतेकांना ठाऊक असतो. खरी आखणी डीएमच्या पहिल्या वर्षापासून करावी, कारण चांगले संशोधन बहुधा ओपीडीतच सुचते.

एमआरआयच्या फिल्म पाहण्याआधी घाव मज्जासंस्थेत नेमका कुठे आहे आणि तो कशामुळे झाला असावा, या दोन प्रश्नांची आपली उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवावीत. उत्तर चुकले तरी चालेल; न लिहिता फिल्म पाहिली, तर आपले निदान आपले होते की यंत्राचे, हे कधीच कळत नाही.

या सवयीतून काय निघू शकते, हे मुंबईतील न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांच्या कामात दिसते. 1971 मध्ये मुंबईत डोळे येण्याची साथ पसरली आणि डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांच्या पायांतले बळ गेले. त्या अशक्तपणाचा साथीशी संबंध असल्याचे वाडिया आणि सहकाऱ्यांनी ओळखले व 1972 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्याआधी, 1971 मध्येच, तोल जाणाऱ्या काही कुटुंबांत डोळ्यांच्या हालचाली विलक्षण मंद असतात, हे त्यांनी स्वामी यांच्यासह नोंदवले होते. हा आनुवंशिक विकार पुढे एससीए-2 म्हणून ओळखला गेला. एमआरआय तेव्हा नव्हताच.

म्हणून प्रबंधाचा विषय आपल्या वॉर्डात वारंवार दिसणाऱ्या रुग्णांतून निवडावा. प्रश्न एकच ठेवावा, नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी, आणि संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर नव्हे, तर सुरुवातीलाच भेटावे. औषधचाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीकडे नोंदणी करावी लागते. केस सिरीजला, म्हणजे सारख्या आजाराच्या काही रुग्णांच्या एकत्र मांडलेल्या नोंदींना, कमी लेखण्याची फॅशन आहे. ती मला पटत नाही.

इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीसारख्या संघटनेत पदे मिळतातही. पण आधी शोधनिबंधांचे परीक्षण आणि तरुणांच्या केस मीटिंगचे आयोजन ही बिनमानाची कामे करावीत. नेतृत्वाची पहिली कसोटी मात्र आपल्याच रुग्णालयात लागते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून 4.5 तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यासाठी कॅज्युअल्टी, सीटी विभाग, परिचारिका व वॉर्डबॉय या सर्वांची साखळी बांधावी लागते. आदेशाचा कागद काढून ती उभी राहत नाही. ‘रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता?’ हा प्रश्न दारातच विचारून ती वेळ केसपेपरवर सर्वांत वर लिहिण्याची जबाबदारी एका ठरावीक परिचारिकेकडे सोपवावी आणि दर महिन्याला उशीर कुठे झाला, हे तिच्यासमवेत बसून तपासावे.